डबीवरचे अठ्ठावीस अंश

१६ जून

सकाळी ओढ्याच्या कडेचं पाणी काचेसारखं गोठलं होतं. जून म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या मुलखात ऐन हिवाळा. डोंगरमाथ्यावर बर्फ. सहावीला मी हिवाळ्याची कविता शिकवायचो तेव्हा वर्गाच्या खिडकीतून हाच डोंगर दिसायचा. मी वर बघत म्हणायचो आणि पोरं कवितेऐवजी एकमेकांच्या काखेत हात खुपसून बसायची. तेव्हा रागवायचो. आता वाटतं, हिवाळा त्यांनाच जास्त कळला होता.

आज मी घरच्या कामाला आलो. पुष्कळ दिवसांनी लिहून ठेवण्यासारखं घडलं.

शुक्रवारी माझा मुलगा लुंगिसा रस्टेनबर्गच्या खाणीतून रजेवर येतोय. शनिवारी मिह्लालीला पूर्वजांसमोर न्यायचं. नात रांगायला लागली तरी तिचं नाव अजून त्यांच्या कानावर घातलेलं नाही. बकरा आणून बांधलाय. राहिली बिअर. माझी बहीण फेझिवे गुरुवारी पोचणार, म्हणून सुरुवात सुनेलाच करावी लागली. नोलुसापोची ही पहिलीच बिअर. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरचं नाव देतात, तसं हे नाव मीच ठेवलं. कुटुंबाची आई, असा त्याचा अर्थ. गावानं तेव्हा वाखाणलं होतं.

तिनं शेजारच्या माम्पिंगाला हाताशी घेऊन मक्याचं पीठ आणि मोड आलेल्या ज्वारीचं पीठ भिजवलं, आंबवलं, शिजवलं. आज निवाल्यावर वरून पुन्हा मोडाचं पीठ घातलं. आता ते उबेत राहून फसफसायला हवं. आणि मोठ्या घरात तर बादलीतलं पाणी हाताला चावतं. नोलुसापो घोंगड्या गोळा करत होती. मी म्हणालो, घोंगड्या कशाला, माझ्या गोल घरातल्या पेटीत ठेवू.

पेटी म्हणजे आडवा फ्रीझर. लुंगिसाची आई गेली त्या वर्षी माझा जुना विद्यार्थी म्झोली तो किनाऱ्यावरच्या ईस्ट लंडनहून गाडीत घालून घेऊन आला. त्याला घरी बिअर करायचा नाद आहे. म्हणाला, सर, एकटे बसून कविता म्हणण्यापेक्षा हे करा, दोन माणसं तरी दारात येतील. फ्रीझरला एक डबी जोडलेली आहे. डबीच्या एका खाचेत फ्रीझरचा प्लग, दुसरीत गरम पट्ट्याचा. डबीतून एक वायर निघते, तिच्या टोकाला करंगळीएवढी सळी. सळीला जेवढी ऊब लागेल तेवढा आकडा डबीवर उमटतो. ऊब घटली की पट्टा तापतो, वाढली की फ्रीझर चालू होतो. आपण फक्त हवा तो आकडा लावून द्यायचा. या पेटीत मी आल्याची बिअर केली, पिवळी बिअर केली. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती प्यायली आणि सगळे जिवंत आहेत.

नोलुसापो घोंगड्या छातीशी धरून, मान खाली घालून उभी राहिली. बरं वाटलं असावं तिला. सून सासऱ्याला उलटून बोलत नाही, त्याचं नाव घेत नाही, माझ्या गोल घराचा उंबरा ती ओलांडायची नाही. त्यामुळे तिला काय वाटलं ते आपणच ओळखून घ्यावं लागतं.

माम्पिंगा आणि मी बिअरचं पीप ढकलत आणलं आणि पेटीत ठेवलं. म्झोलीनं बजावलंय की सळी पातळात बुडलेली हवी. पण ही पूर्वजांची बिअर. बायका गाळेपर्यंत तिच्यावरचं झाकण पुरुषानं उचलायचं नसतं. आणि उचललं समजा, तरी माझ्या वडिलांच्या घोटात मी वायर बुडवू? सळी मी पेटीतल्या खिळ्याला टांगली, गरम पट्ट्याला लागूनच, म्हणजे तिलाही ऊब मिळेल. आकडा अठ्ठावीस लावला. चहा होईपर्यंत डबीवर अठ्ठावीस आले.

इतकं सोपं असतं, आणि बायका रात्र रात्र घोंगड्या बदलत बसायच्या.

१७ जून

ही डबी फार गुणाची. पट्टा चालू होताना टक् वाजतं, बंद होताना टक्. आज दिवसभर खुर्चीत बसून ऐकत होतो. चालू, बंद, चालू, बंद. एक कडवं पुरं म्हणून होईतो दोनदा वाजतं. पिवळ्या बिअरच्या वेळी इतकी चपळ नव्हती, तासन्‌तास मुकी असायची. पूर्वजांचं काम आहे हे तिलाही कळलं की काय. दोन ओळी सुचल्या:

लोखंडाचे लहान काळीज
जागे राही थंडीत माझ्या दारी

तिसरी जुळेना.

दुपारी माम्पिंगा आली. म्हणाली, माकोती विचारते, पीप हाताला कसं लागतंय? सुनेला आमच्याकडे सगळे माकोती म्हणतात. मी डबी दाखवली. माम्पिंगा म्हणाली की आकडा नको, हात लावून बघायला सांगितलंय, आणि पेटी उघडायला वाकली. मी तिला अडवलं. उघडलं की आतली ऊब जाते, एवढं साधं या बायकांना कळत नाही. तिला त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. ती म्हणाली, “छान आहेत, तिशाला.” आणि गेली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गाव मला तिशाला म्हणजे मास्तरच म्हणतं. ऐकायला बरं वाटतं.

संध्याकाळी नोलुसापो अंगणात उभी राहून माझ्या दाराकडे बघत होती. मी हात हलवला तशी आत गेली.

१९ जून

कसं लिहू.

फेझिवे काल संध्याकाळी आली. आज सकाळी माम्पिंगा आणि आणखी दोघी चाळणी घेऊन आल्या. पीप मोठ्या घरात नेलं. मी दाराशी थांबलो. झाकण उचललं आणि कुणीच काही बोललं नाही. एरवी झाकण उचलताच बायका किलकिलाट करतात.

वर फेसाचा बुडबुडा नव्हता. पीठ तळाशी बसलेलं, वर गढूळ पाणी. फेझिवेनं बोट बुडवून चाटलं. ओल्या पिठाचा वास, म्हणाली, आणि गोड. ही बिअर नाही, लापशी आहे.

मग तिनं मला विचारलं की ऊब होती का. मी माझ्या घरात जाऊन वायर काढून डबीच घेऊन आलो, जणू ती तिथेही आकडा दाखवणार होती. म्हणालो, दिवसरात्र अठ्ठावीस होते, मी स्वतः बघत होतो. आणि वर हेही म्हणालो, “यंत्र खोटं बोलत नाही, फेझिवे.” शाळेत तपासणीला साहेब आले की माझा आवाज असा व्हायचा.

“मग ऊब होती,” फेझिवे म्हणाली. “पीठ दरवर्षीचंच. पाणी ओढ्याचंच. राहिला हात.”

सगळ्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. नोलुसापो कोपऱ्यात मिह्लालीला पाठीशी बांधून उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. सून सासऱ्याकडे असं बघत नाही. मीच नजर काढून घेतली.

पूर्वजांना कुणी पसंत नसलं की बिअर धरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण चाळणीवाल्यांपैकी एकजण हळूच म्हणाली की मूल तरी कुठं दिवस भरून आलं होतं. दुसरी म्हणाली, “पूर्वजांनाही बोटं असतात गं. लुंगिसाच्या रजेपासून महिने मोजता येतात त्यांना.”

लुंगिसा दुपारी टॅक्सीतून उतरला. फेझिवेनं त्याला दारातच बाजूला घेतलं. उद्याचं सगळं पुढं ढकललं आहे. तो माझ्यापाशी बराच वेळ बसला, खाणीतल्या पाळ्यांबद्दल बोलला. नोलुसापोनं मिह्लालीला त्याच्यासमोर चटईवर ठेवलं, तर त्यानं उचललं नाही. प्रवासानं थकला असेल.

२० जून

आज समारंभ व्हायचा होता. त्याऐवजी दिवसभर घराघरांत निरोप जात होते. बकरा बांधलेलाच आहे, पाला खातो आणि ओरडतो.

फेझिवेनं ठरवलंय. ती स्वतः, मोठ्या घरात, पुन्हा बिअर करणार. माफीची बिअर. येत्या शनिवारी ती पूर्वजांपुढे ठेवायची आणि काय चुकलं ते विचारायचं. मुलीचं नंतर बघू. नोलुसापोनं पिपाला हात लावायचा नाही. शनिवारनंतर तिनं मुलीला घेऊन माहेरी जायचं, आणि मग आमच्यातले दोघे-तिघे मोठे पुरुष तिकडे जाऊन तिच्या आईला नीट विचारतील. काय विचारतील ते फेझिवेनं सांगितलं नाही. लुंगिसा ऐकत होता. तो कुंपणाची तार आवळत राहिला.

मी मध्ये बोललो नाही. हे बायकांचं क्षेत्र.

मन लागेना म्हणून म्झोलीला फोन लावला. सहजच. त्याला आपलं सांगितलं की सुनेची बिअर धरली नाही, वाईट झालं. तो हळहळला. मग त्यानं विचारलं की डबी किती वेळानं टक् करते. मी कौतुकानं सांगितलं, एका कडव्यात दोनदा. त्यानं ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला की एवढं मोठं पीप इतक्या लवकर गरमही होत नाही आणि गारही होत नाही.

“सर, सळी कुठं होती?”

मी म्हणालो, “पिपात. आणखी कुठं असणार?”

माझ्याकडे सहावीत होता म्झोली. पाटीवर बोटानं पुसून उत्तर बदललं म्हणून मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

२१ जून

ते पीप डुकरांना ओतून रिकामं झालं होतं. धुऊन मी त्यात ओढ्याचं पाणी भरलं आणि पेटीत ठेवलं. सळी खिळ्यालाच. अठ्ठावीस लावले. चहा होईपर्यंत अठ्ठावीस आले. टक्, टक्. सगळं तसंच.

हे काल संध्याकाळी केलं होतं. आज न्याहारीनंतर झाकण उचललं. पाणीच ते, पाण्यावरचं झाकण उचलायला मला कुणाची बंदी नाही. हात घातला आणि मनगटापर्यंत कळ गेली. बेडकाच्या पोटासारखं गार. डबीवर अठ्ठावीस.

सळी खिळ्यावरून काढून पाण्यात सोडली. आकडा उतरायला लागला. पंचवीस, बावीस. मी डबीला म्हणालो, पुरे. ती अकरावर जाऊन थांबली. पट्टा टक् करून चालू झाला आणि मग बंदच होईना. पिवळ्या बिअरच्या वेळी होती तशी मुकी झाली. मी खुर्चीत बसून वाट बघितली. दुपार टळली तेव्हा कुठे आकडा दोन घरं चढला होता.

म्हणजे सळीनं पट्ट्याजवळची मूठभर हवा मोजली. ती ऊबदार होती. डबीनं खरंच सांगितलं. बिअर मात्र थंडीत बसली होती आणि मी तिच्याशेजारी बसून कविता करत होतो.

आणि म्हणालो, यंत्र खोटं बोलत नाही.

आज मला दुसरं काही सुचत नाही. लुंगिसाच्या आईला सांगितलं असतं. ती आधी हसली असती आणि मग मला हाताला धरून मोठ्या घरात घेऊन गेली असती. नोलुसापो ओढ्यावरून पाणी आणताना माझ्या दारावरून गेली. नेहमीसारखीच, लांबून, तोंड पलीकडे करून. मी आत सरकून बसलो. सासरा सुनेपासून लपतो अशी रीत आमच्यात नाही.

२२ जून

फेझिवेला सांगितलं. कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन, पोरासारखं. पीप, पाणी, अकरा, सगळं.

मला वाटलं ती चिडेल. तिनं आधी आजूबाजूला बघितलं.

“आणखी कुणाला सांगितलंस, भूती?”

लहानपणापासून ती मला भूती, म्हणजे भाऊ, म्हणते. कुणाला नाही, म्हणालो.

“मग सांगू नकोस.”

तिचं म्हणणं असं. मी या घराचा मोठा. पूर्वजांशी मी बोलतो. उद्या गाव म्हणेल की यांच्या मोठ्यानं पूर्वजांची बिअर फ्रीझरमध्ये घातली. मग लुंगिसाच्या शब्दाला कोण विचारणार, या अंगणात कोण बसणार? शनिवारी नवी बिअर धरेल. ती धरली की आपण म्हणू, पूर्वज निवळले. गोष्ट आपोआप विसरली जाईल. नोलुसापो चार महिने माहेरी राहिली तर काही मरत नाही, सगळ्याच मुली राहतात.

“आणि ते तिच्या आईला विचारायला जायचं?” मी विचारलं.

“ते बघू नंतर. तू म्हातारा झालास. तुझं नाव आता पुन्हा बांधायला वेळ नाही. तिला आयुष्य पडलंय.”

मी बरं म्हणालो. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण वाटलं हे खरं आहे. खुराड्यापासून घरापर्यंत मी जवळजवळ तरुणासारखा चालत आलो.

२५ जून

फेझिवेची बिअर धरली. मोठ्या घरात, घोंगड्यांत गुंडाळून, चुलीच्या अंगाला. झाकणाखालून फेस बाहेर आला, पिपाच्या अंगावरून ओघळला. बायकांनी किलकिलाट केला तो ओढ्यापलीकडे गेला असेल. मला वासच आधी आला. आंबट, दाणेदार, माझ्या लहानपणाचा. डोळे भरून आले.

आणि मग माम्पिंगा फेझिवेला म्हणाली, “हाताचा गुण गं बाई. तेच पीठ, तेच पाणी.”

सगळ्याजणी हो हो म्हणाल्या. चाळणीवाली म्हणाली, “आता तरी शंका नको कुणाला.”

मी दारात उभा होतो. किती मंद माणूस मी! या पिपात काय शिजतंय ते मला सोमवारीच दिसायला हवं होतं. बिअर धरली म्हणजे गोष्ट विसरली जाईल, असं फेझिवे म्हणाली होती. पण बिअर धरली म्हणूनच आता गोष्ट पक्की झाली. तेच पीठ, तेच पाणी, फक्त हात बदलला. आता नोलुसापोच्या बाजूनं बोलायला काही उरलंच नाही. फेझिवेलाही हे कळलं असावं, कारण ती माझ्याकडे न बघता घोंगडी नीट करत बसली.

नोलुसापोचं गाठोडं बांधून झालंय. मोठ्या घराच्या भिंतीशी ठेवलंय, वर मिह्लालीचं लोकरी टोपडं. लुंगिसा तिच्याशी बोलत नाही. तो वाईट मुलगा नाही. मीच त्याला लहानपणी शिकवलं, मोठे जे सांगतात ते ऐकावं.

लुंगिसाला बोलवून सांगावं म्हणून दोनदा उठलो. एकदा तो गोठ्याकडे गेला होता. दुसऱ्यांदा घरातच होता, पण फेझिवे होती.

२६ जून

उद्या पूर्वजांपुढे बोलायचं ते जुळवत बसलो. फेझिवेनं सांगितलेलं साधं आहे: आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला, घर निवळू द्या. मी त्याला जरा वळण दिलं. पाणी, ओढा, डोंगरावरचं बर्फ वितळणं. चांगलं झालं. मोठ्यानं म्हणून बघितलं आणि कागद चुलीत घातला.

म्झोलीचा फोन आला. सर, सळीचं काही कळलं का, मी नवी पाठवू का? मी म्हणालो, सळी चांगली आहे रे, सळीचा दोष नाही. त्यानं पुढे विचारलं नाही. हुशार मुलगा.

२७ जून

गुरांच्या गोठ्यात पुरुष भिंतीला टेकून बसले होते. बायका बाहेर, कुंपणाच्या पलीकडे. सगळ्यांत मोठे ताता सोन्वाबो, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना ऐकू कमी येतं पण दिसतं सगळं, ते मधोमध. ताता म्हणजे बाबा, वडीलधाऱ्यांना आम्ही असंच म्हणतो. फेझिवेची बिअर आली. मी उभा राहिलो. टोपी काढली.

कुळाची नावं घेतली. रादेबे, बुंगाने, म्थिम्खुलू. माझा आवाज चांगला लागला. नावं म्हणताना नेहमी लागतो. वडिलांचं नाव घेतलं आणि पुढचं वाक्य, घर निवळू द्या हे, तोंडापर्यंत आलं. पण मघाच तर मी त्यांना हाक मारली होती. ते आले असतील तर ऐकत असतील. त्यांना फसवायचं कसं, ते मला कुणी कधी शिकवलं नाही.

मी म्हणालो, “मागची बिअर तुम्ही नाकारली नाही. ती तुमच्यापर्यंत आलीच नाही. माझ्या सुनेनं ती चांगली केली होती. ती मोठ्या घरात ठेवत होती, मी हट्टानं माझ्या पेटीत नेली आणि गारठवली. ऊब मोजायची सळी मी बिअरमध्ये घातली नाही, हवेत टांगली. तिनं माम्पिंगाला पाठवून विचारलं, पीप हाताला कसं लागतंय. मी हात लावू दिला नाही. मग तुमच्यासमोर म्हणालो की ऊब होती. ऊब नव्हती हे मला रविवारी कळलं. आज शनिवार आहे.”

हवा तसा एक शब्दही आला नाही. डोंगर नाही, बर्फ नाही.

मग ताता सोन्वाबोंनी शेजारच्याला विचारलं की हा काय म्हणाला, आणि शेजारच्यानं त्यांच्या कानात ओरडून सगळं पुन्हा सांगितलं. त्यामुळे जे कुंपणापलीकडे ऐकू गेलं नव्हतं तेही गेलं. ताता सोन्वाबोंनी माझ्याकडे बघितलं.

“बिअर किती गरम ते बघायचं म्हणून तू हवा मोजलीस?”

“हो, ताता.”

“शाळेत होतास ना तू? मुलांना शिकवायला?”

“हो.”

कुणीतरी नाकातून आवाज काढला. मग सगळा गोठा हसला. टेकून बसलेले घसरले. एकजण म्हणाला, अठ्ठावीस, बस खाली, आणि पुन्हा हशा. मी टोपी हातात घेऊन उभाच. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

हसू ओसरल्यावर ताता सोन्वाबो काठीवर हात ठेवून म्हणाले, “मग तो बकरा अजून उभा का आहे?”

लुंगिसा कुणाची परवानगी न घेता उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, माझ्या लाजेनं गेला. तो परत आला तेव्हा मिह्लाली त्याच्या दंडावर होती आणि त्याच्या टोपीची किनार चावत होती. त्यानं तिला माझ्या हातात दिलं. वजनदार आहे. मी तिचं नाव वडिलांच्या कानावर घातलं. मधे आवाज गेला, म्हणून दोनदा घातलं.

फेझिवे दिवसभर माझ्याशी बोलली नाही. माम्पिंगा आली आणि नोलुसापोच्या हातात पहिलं भांडं दिलं. कुंपणापलीकडे त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही.

२९ जून

गावात मी अठ्ठावीस झालो. दुकानात पीठ आणायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, बाहेर किती आहे हो आज? पोरंसुद्धा म्हणतात. इतकी वर्षं तिशाला होतो, दोन दिवसांत गेलं.

लुंगिसाची रजा संपली. आज त्याच टॅक्सीनं नोलुसापोही गेली, माहेरी, मुलगी दाखवायला. नाव पूर्वजांच्या कानावर घातलं की आईकडे घेऊन जातात, तशी. गाठोडं मात्र तेच होतं, भिंतीशी ठेवलेलं. तिला मी काही म्हणायला हवं होतं. सासऱ्यानं सुनेची माफी कशी मागायची याची रीत कुणाला माहीत नाही. फेझिवेला विचारलं, ती म्हणाली, नसतेच.

मी फाटकाशी उभा होतो. लुंगिसा सामान वर बांधत होता. नोलुसापो माझ्यासमोरून जाताना थांबली. डोकं झाकलेलं, नजर जमिनीवर, मिह्लाली पाठीशी. आणि बोलली. माझ्याशी. फेझिवेच्या देखत.

“ताता, पुढच्या वेळी बिअर मी मोठ्या घरातच ठेवणार. घोंगडीत.”

मी म्हणालो, “ठेव.”

एवढंच बोलता आलं. कान तापले. टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत मी मान वर केली नाही. फेझिवे म्हणते, सुनेनं असं तोंडावर बोलणं शोभत नाही. मला वाटतं, माझ्यासारख्याला हेच ऐकायला हवं होतं. ती परत येणार आहे का, हे मात्र विचारायचं राहून गेलं.